पिलू नर की मादी? आधी जात ओळखा, मग वय मोजा

कोंबडीच्या पिलात नर-मादी ओळखायची अशी एकही खूण नाही जी सगळ्या जातींना आणि सगळ्या वयांना चालते. लेगहॉर्न या अंड्याच्या जातीच्या पिलाचा तुरा चौथ्या आठवड्यात बोलतो, असील या झुंजीच्या जातीचा तिसऱ्या महिन्यातही गप्प असतो. पंखावरून पहिल्या दिवशी नर-मादी सांगता येते हे खरं, पण ते ठरावीक संकरांतच. गावठी कोंबडीखाली निघालेल्या पिलांचे पंख पसरून कितीही निरखले तरी त्यातून काही हाती लागत नाही. म्हणून पिलू हातात घेतलं की पहिला प्रश्न जातीचा, दुसरा वयाचा आणि मग लिंगाचा. हा क्रम उलटा केला की फसगत ठरलेली.

जात ओळखताना पहिल्या दिवशी काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे वेगळं करून घ्या. तुऱ्याचा प्रकार दिसतो. चोचीच्या मुळाशी भिंगातून पाहा: एकच बारीक उभी धार असेल तर एकेरी तुरा, गावठी, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड यांचा. तीन बुटक्या ओळींची चपटी पट्टी असेल तर वाटाणा तुरा, म्हणजे असीलचं रक्त. उघडी मान जन्मतःच दिसते. मानेच्या पुढच्या बाजूला लवीचा एखादा झुपका राहिला असेल तर त्या पिलाला हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला आहे, मान साफ उघडी असेल तर बहुधा दोघांकडून. डोक्यावरची शेंडी, पायावरची पिसं, बोटांची संख्या हेही लगेच कळतं.

दिसत नाही ते असं. उलट्या पिसांची कोंबडी लवीत ओळखू येत नाही, खरी पिसं फुटू लागली की वळण दिसतं. गावठी पिलांच्या पायाच्या नळ्यांचा हिरवट किंवा राखी रंग बऱ्याचदा काही आठवड्यांनी उतरतो, त्यामुळे पहिल्या दिवशी पाय फिके दिसले म्हणून पिलू नाकारू नका. अंगाचा रंगही बदलतो. पिवळं पिलू मोठेपणी बहुधा पांढरं होतं. काळ्या पाठीचं, पांढऱ्या पोटाचं पिलू काळं तरी होतं किंवा पट्टेरी. पाठीवर तपकिरी पट्टे असलेलं पिलू तित्तिरी, म्हणजे तितरासारख्या तपकिरी नक्षीच्या रंगाचं निघतं.

पिवळ्या पिलांत आणखी एक घोळ असतो. लेगहॉर्नचं पिलूही पिवळं आणि ब्रॉयलरचंही पिवळंच. पहिल्या दिवशी दोन्ही चाळीस ग्रॅमच्या आसपास असतात, नुसत्या डोळ्यांना फरक फसवतो. सातव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. नीट वाढलेलं ब्रॉयलर १७० ते २०० ग्रॅम भरतं, लेगहॉर्न ७० ग्रॅमच्या आतबाहेर. यापेक्षा स्पष्ट परीक्षा नाही.

वजनाचा हाच काटा 'गावरान' म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत पिलांनाही लावा. गिरिराज ही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातली. दोन्ही परसात पाळायला चांगल्या, रंगाने मिश्र, आणि म्हणूनच गावठीत सहज खपून जातात. चांगल्या खाद्यावर ती आठ-दहा आठवड्यांत किलोभर होतात, खरं गावठी पिलू त्या वयात निम्म्याच्या आसपास असतं. या जाती घेण्यात काही वाईट नाही. त्यांना गावठीचा भाव देणं वाईट. आणि त्यांच्याच अंड्यांतून घरी पुढची पिढी काढली तर पिलं एकसारखी निघत नाहीत, हे घेतानाच धरून चाला.

कडकनाथ: तळवा पाहा, जीभ पाहा

२०१९ साली सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कडकनाथच्या गुंतवणूक योजनांत शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, तेव्हापासून इकडे या पक्ष्याचं नाव काढलं की लोक सावध होतात. सावधपणा योग्य जागी लावला तर बरं. मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातला हा पक्षी, झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एक दिवसाचं शुद्ध पिलू निळसर-काळं असतं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. पण लवीचा रंग हा पुरावा नव्हे. काळ्या ऑस्ट्रॉलॉर्पचं पिलूही पाठीवर काळंच असतं. फरक असा की ऑस्ट्रॉलॉर्पच्या पोटाखाली, हनुवटीवर आणि पंखांच्या टोकांना पांढरट-पिवळी लव असते आणि पायाचा तळवा फिका.

तपासणी या क्रमाने करा. पिलू उताणं धरा, तळवा पाहा. मग पोटाकडची लव हलकेच फुंकून कातडी पाहा. चोचीच्या कोपऱ्यांवर हलका दाब देऊन तोंड उघडा, जीभ आणि टाळू पाहा. शेवटी गुदद्वाराभोवतीची कातडी. चारही ठिकाणी पाटीसारखा राखी-काळा किंवा जांभळट रंग हवा. लव काळी आणि कातडी गुलाबी असेल तर तो कडकनाथ नाही. रंगवल्याचा संशय आला तर खोबरेल तेलात बुडवलेला कापूस लवीवरून फिरवा, बराचसा कच्चा रंग कापसावर उतरतो. 'काळी अंडी' दाखवून कुणी भाव वाढवत असेल तर उठून या, कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी असतं.

संकर ओळखायची खरी मेख मात्र एका पिलात नाही, ती सगळ्या पिलांत मिळून दिसते. कोंबड्यांत लिंग ठरतं ते आईच्या बाजूने. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची नराकडे झेड-झेड अशी जोडी, मादीकडे झेड आणि डब्ल्यू. म्हणजे आईचं झेड फक्त नर पिलांना जातं, मादी पिलांना झेड मिळतं ते बापाकडूनच. कातडीतला काळा रंग दाबून ठेवणारा एक गुण या झेडवर असतो. पिवळ्या किंवा पांढऱ्या नळ्यांच्या कोंबडीकडे तो असतो, कडकनाथकडे नसतो. आता कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायाच्या कोंबडीवर सोडला तर काय होईल? नर पिलांना आईकडून दाबणारा गुण मिळतो, ती फिकी राहतात. मादी पिलांना तो मिळतच नाही, ती गडद निघतात. त्यातली गडद निवडून 'शुद्ध कडकनाथ' म्हणून विकता येतात, आणि चार जागी तपासली तरी ती बऱ्यापैकी पास होतात.

तेव्हा निवडून समोर ठेवलेली पाच पिलं बघू नका, त्याच उबवणीचं अख्खं खोकं बघा. शुद्ध कळपात नर-मादी सगळीच गडद असतात. निम्मी काळी, निम्मी फिकी असं खोकं असेल तर तो संकर. आणि पुढे वाढवताना कळपातल्या सगळ्या काळ्या पिलांच्या तलंगाच (तरुण माद्या) झाल्या, एकही कोंबडा निघाला नाही, तर त्याचंही कारण हेच.

पहिल्या दिवशीच्या तीन पद्धती

*पंखावरून.* याच्या मागेही तोच नियम आहे. पिसं उशिरा फुटण्याचा गुण झेडवर असतो आणि तो वरचढ असतो. आई उशिरा पिसं फुटणारी, बाप लवकर फुटणारा, अशी जोडी मुद्दाम लावली की मुलगे आईवर जातात, मुली बापावर. उबवणी केंद्र सांगत असेल की ही पिलं पंखावरून निवडता येतात, तरच पुढची खटपट करा.

पिलू डाव्या तळहातात पाठ वर करून घ्या. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने एक पंख पंख्यासारखा उलगडा, खेचू नका. बाहेरच्या कडेला, म्हणजे पंखाच्या टोकाकडे पाहा. तिथे पिसांच्या दोन ओळी असतात: खालची ओळ पुढे उडायच्या पिसांची, वरची त्यांना झाकणाऱ्या पिसांची. खालची पिसं वरच्यांपेक्षा ठळक लांब असतील, म्हणजे एक लांब-एक आखूड अशी कंगोरेदार कड दिसत असेल, तर मादी. दोन्ही ओळी सारख्या असतील किंवा वरचीच लांब असेल तर नर.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली, वेळ: पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास उत्तम, तिसऱ्या दिवसानंतर फरक बुजतो. दुसरी, एकाच उबवणीत आधी आणि उशिरा फुटलेली पिलं मिसळून पाहणं. नुकत्याच वाळलेल्या पिलाची सगळीच पिसं आखूड असतात, ते नर वाटतं. तिसरी, पंखाची आतली बाजू पाहणं, तिथे ओळी वेगळ्या क्रमाने वाढतात. उजेड मागून पाडा, मोबाईलची बॅटरी पुरते.

*रंगावरून.* ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉकची कोंबडी ही जुनी आणि भरवशाची जोडी. दोन्ही काळी पिलं निघतात, पण नराच्या डोक्यावर पांढरट-पिवळा ठिपका असतो, मादीचं डोकं सलग काळं. तसंच सोनेरी-तांबड्या कोंबड्याला लाइट ससेक्ससारखी रुपेरी गुणाची कोंबडी दिली तर नर पिलं फिकी पिवळट आणि मादी पिलं तांबूस-बदामी. जोडी उलटी लावली, कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी तांबडी, की खेळ संपला: सगळ्याच पिलांच्या डोक्यावर ठिपका. आणि या संकरांची आपसात जोडी लावून पुढची पिढी काढली तरी खूण निकामी होते. परसात पट्टेरी गावठी कोंबडी असेल तर हा प्रयोग करता येतो, मात्र ठिपका गडद लवीवरच नीट दिसतो, आणि कोंबडा पांढरा नको. पांढऱ्याखाली सगळं झाकलं जातं.

*गुदद्वारावरून.* जपानमध्ये कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात ही पद्धत बसवली आणि तिथून ती जगभर गेली. पिलाची विष्ठा दाबून काढायची, गुदद्वार अंगठ्याने उलटवायचं आणि आतल्या कडेवर टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा आहे का ते क्षणात ठरवायचं. नरात तो टणक आणि चकचकीत असतो, पण बऱ्याच माद्यांतही लहानसा, मऊ उंचवटा असतोच, आणि सगळं कसब तो फरक ओळखण्यात आहे. व्हिडिओ बघून ही पद्धत घरी करू नका. दाब जास्त झाला तर पोटातला बलक फुटतो किंवा आतडं बाहेर येतं, आणि एका पिलाची घाण दुसऱ्याला लागून रोग पसरतो. नाणं उडवलं तरी शंभरात पन्नास उत्तरं बरोबर येतात, तेव्हा साठ बरोबर सांगणाऱ्याला तज्ज्ञ समजायचं कारण नाही.

बाकी टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, अंड्यावर दोऱ्याने सुई टांगणं, पिलू उलटं धरून पाय आखडतंय का बघणं, हे सोडून द्या. अंडं घालण्याच्या आधीच आईच्या पोटात लिंग ठरलेलं असतं, कवचाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

गावठी पिलांसाठी: लसीचा दिवस हाच तपासणीचा दिवस

गावठी, गिरिराज, वनराज यांत पहिल्या दिवशी खात्रीचं उत्तर नाही. पिलं रोज उचलून पाहिल्याने उत्तर लवकर मिळत नाही, फक्त पिलं गारठतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला जुलैत पिलू उघड्यावर पाच मिनिटं ठेवलं तरी ते पंख पाडून बसतं. लसीसाठी पिलू हातात घ्यावंच लागतं, तपासणी तेव्हाच उरका.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पाच ते सात दिवसांत डोळ्यात टाकतात. त्या दिवशी तुरा, नळ्या आणि लवीचा रंग लिहून ठेवा आणि पायाच्या नखाला नखपॉलिश लावा, प्रत्येक पिलाला वेगळं बोट किंवा वेगळा रंग. ते आठ-दहा दिवसांत उडतं, पुढच्या वेळी पुन्हा लावा. पायात दोरा बांधायचा असेल तर दर आठवड्याला सैल केलाच पाहिजे, नाहीतर तो मांसात रुततो. तित्तिरी पिलांत या वयात एक अंदाज बांधता येतो: पाठीचा पट्टा गडद, कडा रेखीव आणि डोळ्यामागची रेघ सलग असेल तर मादीकडे कल, पट्टा फिसकटलेला असेल तर नराकडे. याला अंदाजच म्हणा.

चौदाव्या दिवसाला गंबोरो या रोगाची लस. आता पिसांची घाई दिसते. अंगाने जड जातींत मादीची पाठ आणि खांदे लवकर भरतात, शेपटीचा छोटा पंखा उठतो. नराची पाठ उघडी, शेपूट बुटकं. हलक्या जातींत हा फरक कमी.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मानमोडीची पुन्हा लस. एकेरी तुऱ्याच्या पिलांत इथून खरी सुरुवात होते. नराचा तुरा उंच, गुलाबी, दाते सुटलेले. मादीचा बुटका आणि पिवळट. चोचीखालची लोंबती कातडी नरात आधी रंगते. नळ्या पाहा, नराच्या जाड आणि सांधे मोठे. तुलना नेहमी एकाच दिवशी निघालेल्या, एकाच जातीच्या पिलांत करा. लेगहॉर्नची मादी आणि गिरिराजचा नर शेजारी ठेवून तुरे मोजले तर उत्तर उलटं येतं.

पाच ते आठ आठवडे हा गावठी पिलांचा खरा निकालाचा काळ, आणि बहुतेक लोक नेमकं इथे छाती आणि खांदे बघायचं विसरून तुऱ्यावरच अडून राहतात. तित्तिरी रंगात मादीची छाती फिकट तांबूस होते, नराच्या छातीवर काळी पिसं डोकावतात. खांद्यावर, पंखाच्या वरच्या भागात गडद तांबडे ठिगळ उठले की नर. मादीचा पंख सगळीकडे एकाच बारीक नक्षीचा राहतो. ही ठिगळांची खूण तुऱ्यापेक्षा भरवशाची आहे. पिलू रोगट असेल, रक्ती हगवणीतून उठलेलं असेल किंवा त्याला खाद्य कमी पडत असेल तर नराचा तुराही फिका आणि आखूड राहतो आणि तो तलंग म्हणून खपतो. रंगाचं ठिगळ असं फसवत नाही.

दहा-बारा आठवड्यांत मानेची आणि कमरेची पिसं पाहा. नराची लांब, निमुळती, टोकदार आणि चमकदार. मादीची टोकाला गोल. इथे जवळपास सगळ्या जातींचा निकाल लागतो. असील आणि कडकनाथ यांना याच खुणेसाठी थांबा. असीलचा तुरा मुळातच बसका, आणि कडकनाथचा तुरा काळपट असल्याने 'गुलाबी झाला का' हा प्रश्नच लागू होत नाही. त्याचा फक्त आकार बघायचा. पायाच्या आरीवर, म्हणजे नळीवरच्या टोकदार काट्यावर जाऊ नका, असीलच्या कोंबड्यांनाच नव्हे, माद्यांनाही आरी येते. आरवणं आठव्या आठवड्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत कधीही सुरू होतं, दबलेला नर कळपात मोठा कोंबडा असेपर्यंत आरवतच नाही.

विकत घेताना

कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. राज्यात अशी चार, उरलेली पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. सरकारी असो की खासगी, केंद्रावर दोन प्रश्न विचारा: जात नेमकी कोणती, आणि पिलं नर-मादी निवडलेली आहेत की सरसकट. सरसकट असतील आणि सहा तलंगा हव्या असतील तर बारा पिलं पुरत नाहीत. सोळा घेतली तर दहापैकी नऊ वेळा निदान सहा माद्या निघतात, त्यावर मरतुकीची दोन-तीन जादा धरा.

आठवडी बाजारात डालग्याखाली महिना-दीड महिन्याची पिलं असतात आणि विक्रेत्याच्या तोंडी सगळ्याच तलंगा असतात. डालगं उचलायला लावा, सगळी एकत्र बघा, मग वर सांगितल्याप्रमाणे खांदे आणि छाती. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका. यात्रेत खोक्यातून विकली जाणारी गुलाबी-हिरवी पिलं बहुतेक अंड्याच्या जातींची नर पिलं असतात. अंडी देणारे फार्म फक्त माद्या घेतात, नर असे रंगवून रस्त्यावर येतात. त्यांच्याकडून अंड्याची अपेक्षा नको आणि मांसही बेताचंच.

नर जास्त निघाले म्हणून हळहळायचं कारण या जिल्ह्यात तरी नाही. आखाड, गावची म्हाई, जत्रा या दिवसांत गावठी कोंबड्याला तलंगेपेक्षा जास्त गिऱ्हाईक असतं. फक्त दहाव्या आठवड्यापर्यंत ते वेगळे काढा, एकत्र ठेवले तर तलंगांना दाण्यापाशी फिरकू देत नाहीत आणि पाठीची पिसं उपटतात. अठराव्या आठवड्याच्या सुमारास तलंगांना अंड्याचं खाद्य सुरू झालं की कोंबडे त्या भांड्यापासून लांबच ठेवायचे. त्यातलं कॅल्शियम कवचासाठी असतं, अंडी न देणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडाला ते बाधतं.